एकही गोचीड नसलेला गोठा

१

शबनम सोमवारी सकाळी मेली आणि हिना दुपारी, मी तिच्या मानेत सलाईनसाठी शीर शोधत असतानाच. दोन्ही संकरित गाई, दोन्ही भर दुधातल्या. दोघींचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते आणि हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. तिसरी गाय, नूरी, भिंतीला टेकून धापा टाकत होती.

मी रतन घरत. रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या कडेला थोरली खार नावाचं गाव आहे. तिथल्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक आहे. नोकरीला अठ्ठावीस वर्षं झाली. माझ्याकडे पदवी नाही, पदविका आहे. पण आजूबाजूच्या गावांत मला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि मीही कधी कोणाला दुरुस्त केलेलं नाही. ही हकीकत लिहिताना मला माझीच लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो. जे ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं मांडतो. तुम्हाला माझ्याआधी उत्तर सापडलं तर त्यात नवल नाही, कारण माझ्याइतकी माझी बाजू घ्यायची तुम्हाला काही गरज नाही.

गोठा हुझैफाचा. बारा वर्षं कुवेतला राहून तो परत आला, आणि लोक परत येऊन बंगला बांधतात तसा त्यानं गोठा बांधला. खाली सिमेंट, त्यावर रबराच्या मॅट, चारी बाजूंनी बारीक जाळी, दारात चुन्याच्या पाण्याची कुंडी. त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही. चार गाई, एक कालवड आणि दोन महिन्यांचं एक वासरू, एवढाच संसार. गाईंची नावं त्याच्या अम्मीनं, सकिनाचाचींनी ठेवलेली.

"काय चुकलं माझं, डॉक्टर?" हुझैफा विचारत होता. "बाहेरचं जनावर मी आत घेत नाही. बाहेरचा माणूस घेत नाही. मागच्या महिन्यात लाळ-खुरकुताची लस टोचायला तुम्ही येणार होतात, तेव्हाही मी फोन करून सांगितलं होतं, गावातल्या गुरांना हात लावायच्या आधी माझ्याकडे या. आणि तुम्ही सगळ्यांत आधी माझ्याकडेच आलात. अजून काय करायचं माणसानं?"

मी मान डोलावली.

मग मी सगळ्यांच्या देखत निदान केलं. दारात पंधरा-वीस माणसं जमली होती, आणि माणसं जमली की मला निदान सुचतं. "गोचीडताप," मी म्हणालो. "रक्तातला रोग आहे. गोचीड एका जनावराचं रक्त पितो आणि दुसऱ्याला देतो. गावठी गुरं हा रोग अंगात घेऊन वर्षानुवर्षं चरत फिरतात, त्यांना काही होत नाही. मरतात त्या या संकरित."

"गावठी गुरं म्हणजे कोणाची?" गर्दीतून कोणीतरी विचारलं.

मी नाव घेतलं नाही. फक्त कुंपणापलीकडे तुळशीरामच्या वाड्याकडे बघितलं. वीस जणांनी माझ्याबरोबर बघितलं.

२

तुळशीराम सत्तरीचा. त्याच्याकडे चार गावठी गाई. तांबू त्यांतली थोरली. दूध म्हणाल तर चहापुरतं, पण गावदेवीच्या अभिषेकाला दूध जातं ते त्याच्याच घरचं. त्यामुळे गुरांच्या कोणत्याही कामात पहिला मान त्या घराचा. पाडव्याला जाळावरून गुरं उडवतात तेव्हा पहिली उडी तांबूची, आणि ती उडी मारल्याशिवाय बाकीचे आपल्या गुरांचा दोर सोडत नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी डेअरीवर बैठक झाली. गावात नऊ घरांत संकरित गाई आहेत, तेव्हा नऊ घरं घाबरलेली. चेअरमननी ठराव वाचला: तुळशीरामची गुरं हे रोगाचं घर आहे, सबब ती येत्या रविवारी टेम्पोत घालून घाटावरच्या गोशाळेत पाठवावीत. कोणी विरोध केला नाही. अभिषेकाला पिशवीतलं दूध चालेल का, एवढंच एकानं विचारलं. तुळशीराम शेवटच्या रांगेत उभा होता. त्याला कोणी बस म्हटलं नाही आणि तोही बसला नाही. बैठक संपायच्या आधीच तो निघून गेला, भिंतीच्या कडेकडेनं.

मी पुढच्या खुर्चीवर होतो.

बुधवारी सकाळी नूरीला दुसरं इंजेक्शन द्यायला गेलो. तिचं रक्त मी सोमवारीच अलिबागला प्रयोगशाळेत पोचवलं होतं. तिथल्या मृणाली मॅडम, खऱ्या पदवीवाल्या डॉक्टर, त्यांचा फोन तेव्हाच आला. तांबड्या पेशींच्या कडेला काळे ठिपके दिसतात, गोचीडतापच आहे. मी फोन मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला होता.

सकिनाचाची स्टुलावर बसून नूरीच्या कानात बोटं घालून बघत होत्या. रोज सकाळी प्रत्येक गाईचे कान, कास, शेपटीखालचा भाग असा चष्मा लावून तपासायचा हा त्यांचा नेम. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं इल्म मोठं. पण मला एक गोचीड दाखवा."

"म्हणजे?"

"या घरात दोन वर्षांत मी गोचीड पाहिलेला नाही. तुम्ही म्हणता गोचिडानं मारलं. मग तो गेला कुठे? माझं नुकसान झालंय, मी रडतेय. पण म्हाताऱ्या माणसावर तोहमत, खोटा आळ घेऊन मला माझ्या गाईंचं दुःख करायचं नाही. एक दाखवा, माझं समाधान होईल."

मला राग आला. अठ्ठावीस वर्षांत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी बॅटरी घेतली आणि गोठा धुंडाळला. मॅट उचलल्या. गव्हाणीच्या फटीत तार घालून पाहिली. छताचे वासे, जाळीच्या चौकटी, पेंढ्याची गंजी. गंजीचा प्रत्येक पेंढा झाडला. दोन तास गेले. खोकला लागला, कपड्यांची वाट लागली.

एकही सापडला नाही. अंड्याचं टरफलसुद्धा नाही.

३

मग मी तुळशीरामकडे गेलो. खरं म्हणजे पुरावा आणायला गेलो होतो.

वाड्यात शिरताच तांबूच्या कानामागे द्राक्षाच्या घडासारखे गोचीड दिसले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

तुळशीराम ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. मला पाहून उठला आणि स्वतःचं घोंगडं झटकून माझ्यासाठी अंथरलं. "बसा, डाक्टर."

"गोचीड किती झालेत रे गाईंवर," मी म्हणालो.

"हायत. मी कवा न्हाय म्हनलो? माज्या आज्याच्या गाईंवर पन व्हते." तो माझ्याकडे बघत नव्हता. "पन मी त्याच्या गोठ्यात पाय न्हाय ठेवला. गाईंनी पन न्हाय ठेवला. पोरानं कुंपन घातला तवापास्नं माजी गुरं त्या अंगाला चरतच न्हायत. त्याचा पोराचा काय चुकला न्हाय. माजा काय चुकला त्यो बी मना कलत न्हाय. पन गाई मेल्या त्या खऱ्या हायत ना."

"चरायला नेत नाहीस त्या बाजूला, हे सांगणारं कोण आहे?"

"कोन सांगनार? गाव बोलत न्हाय आमच्याशी." "परवापर्यंत पयला मान आमचा व्हता. लस टोचाया तुमी आलाव, तवा पन पयली सुई तांबूलाच दिलाव. आता पोरं रस्त्यानं जाताना नाक धरतात."

सोनूबाई, त्याची बायको, आतून चहा घेऊन आली. कपबशी माझ्या हातात न देता तिनं ती ओट्याच्या कडेला ठेवली आणि मागे सरली. का, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. आपल्या हातचं आता कोणी घेत नाही अशी तिची समजूत झाली होती.

मी चहा प्यायलो. चारही गाईंचं रक्त घेतलं. प्रत्येकीला नवी सुई वापरली. रक्त घेताना मी नेहमी वापरतो. हुझैफाच्या उरलेल्या तीन जनावरांचं रक्तही सकाळी घेतलं होतं, ते याच्यासोबत अलिबागला धाडलं. निघताना कुंपण चालून पाहिलं. तळाला जाळी पुरलेली होती. बाहेरच्या बाजूला हातभर पट्टा पार खरवडून चुना टाकलेला होता. त्या चुन्यावर चाळीस पावलं मी खुराचा ठसा शोधत गेलो. कोंबडीच्या पायांखेरीज काही दिसलं नाही.

म्हणजे म्हातारा खरं बोलत होता. मग रोग या कुंपणातून गेला कसा?

संध्याकाळी मृणाली मॅडमना फोन लावला आणि पहिल्यांदाच आवाज बारीक ठेवला.

"गोचीड नाही सापडला?" त्या म्हणाल्या. "मग गोचिडाला धरून का बसलात, घरतकाका? हा जो प्रकार आहे ना, ठिपक्यांचा, त्याला फक्त रक्त रक्ताला लागायला हवं. चावणारी माशी, शिंग कापायची करवत, कानातला बिल्ला, सुई. त्या गोठ्यात कोणी तरी टोचलंय का ते शोधा."

फोन ठेवला आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम एक माणूस उभा राहिला.

४

गणराज. हुझैफाकडे सकाळ-संध्याकाळ धारा काढायला येणारा. बाहेरच्या माणसांतला तो एकटाच रोज आत जायचा. राहायला तुळशीरामच्या शेजारी, आणि म्हाताऱ्याचे हात दुखले की त्याच्या गाईंचीही धार तोच काढून द्यायचा. आता हे सगळ्यांना ठाऊक आहे की काही गवळी पान्हा लवकर सुटावा म्हणून चोरून इंजेक्शन देतात. एकच सिरिंज, एकच सुई, या गोठ्यातून त्या गोठ्यात.

आणि पाहा, कसं चपखल बसत होतं. आजारी पडल्या कोणत्या? शबनम, हिना, नूरी. तिघी दुधावर. ठणठणीत राहिली कोणती? चौथी, गुलाब. ती नऊ महिन्यांची गाभण, आटवलेली. तिची धार काढायचा प्रश्नच नव्हता. वासरूही ठणठणीत. माशी असती तर तिनं गुलाबला काय म्हणून सोडलं असतं? जाळीतून आलेली माशी धारेची गाय आणि भाकड गाय असा भेद करत नाही.

मी इतका खूश झालो की रात्री दोनदा बायकोला समजावून सांगितलं.

गुरुवारी सकाळी मी गणराजला डेअरीच्या दारातच गाठलं. दुधाची रांग लागलेली होती. मला एकांतात विचारता आलं असतं. "गाडीची डिकी उघड," मी म्हणालो.

"कशाला, साहेब?"

"उघड म्हणतो ना."

त्यानं उघडली. धार काढायचं तेल, फडकं, मोबाईलचा चार्जर आणि खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक सिरिंज. रांगेतून आवाज उठला.

"माज्या घरच्या म्हशीची हाय," गणराज म्हणाला. तोंड लालबुंद झालं होतं. "आमची म्हैस लाथ मारते, पान्हा सोडत न्हाय, तिला देतो कधी कधी. चूक हाय, मना माहीत हाय. पन हुझैफाभाईच्या गाईला हात लावीन तर देवीची शपथ. चाची स्टूल टाकून समोर बसते हो धारेच्या टायमाला, विचारा ना तिला."

"दोन गाई मारल्यास तू," मी म्हणालो. "आणि नाव म्हाताऱ्याचं झालं."

ही दोन्ही वाक्यं माझी. तुळशीरामचं नाव कोणी पुढे केलं होतं, हे त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही.

दुधाची किटली तिथेच ठेवून गणराज गाडी ढकलत घेऊन गेला. किक मारायचंही भान त्याला राहिलं नाही. दुपारी हुझैफानं त्याला कामावरून बंद केलं. मी दवाखान्यात जाऊन डबा खाल्ला आणि डुलकी काढली.

शुक्रवारी दुपारी मॅडमचा फोन आला. "चार गाईंपैकी तांबूच्या रक्तात थोडे ठिपके आहेत. रोग तिचाच. आणि काका, तुम्ही हुझैफाच्या उरलेल्या जनावरांचं रक्त पाठवलं होतं ना? गुलाब स्वच्छ. वासरू स्वच्छ. पण कालवडीच्या रक्तात ठिपके आहेत, भरपूर. वय लहान म्हणून तिनं निभावून नेलं."

"कालवड?" मी म्हणालो.

चौदा महिन्यांची कालवड. जी व्यायलीच नाही. जिची धार आजवर कोणीही काढलेली नाही, आणि जिला पान्ह्याचं इंजेक्शन द्यायचं गणराजला काहीच कारण नव्हतं.

५

चार दिवसांत दोन माणसांना मी गावासमोर उघडं पाडलं होतं आणि दोघंही निर्दोष होते. शनिवारी सकाळी मी दवाखान्यात कागद घेऊन बसलो. उद्या टेम्पो येणार होता.

एका बाजूला लिहिलं: शबनम, हिना, नूरी, कालवड. दुसऱ्या बाजूला: गुलाब, वासरू. एकच छप्पर, एकच पाणी, एकच चारा. मग पहिल्या चौघींना असं काय मिळालं जे दुसऱ्या दोघांना मिळालं नाही?

तिघींना आजार एकाच आठवड्यात आला. म्हणजे रक्तही एकाच दिवशी लागलं असणार. या रोगाला अंगात मुरायला महिनाभर लागतो. पहिला ताप चार जानेवारीचा. महिना मागे मोजला तर पाच डिसेंबरच्या आसपास.

पाच डिसेंबरला मी लस टोचली होती.

गाभण गाय शेवटच्या महिन्यांत असली की मी तिला वगळतो, उगाच दगदग नको म्हणून. इतक्या लहान वासरालाही टोचत नाही. गुलाब आणि वासरू. कागदावरची दुसरी बाजू.

मी पेन खाली ठेवलं आणि स्वतःशीच जोरात म्हणालो, शक्य नाही. नियम आहे जनावराला एक सुई, हे मला माहीत आहे. आमच्याकडे चालत आलेली रीत आहे घराला एक सुई. पण घर बदललं की सुई मी बदलतो म्हणजे बदलतो. नव्या सुयांची डबी पिशवीत असतेच. हुझैफाच्या घरीही बदललीच असणार. शिवाय त्याच्याकडे तर मी सगळ्यांत पहिल्यांदा गेलो होतो. तसं तो सगळ्या गावाला सांगतो.

तसं तो सांगतो. मी त्याला तसं सांगितलं होतं म्हणून.

मी मोटारसायकल काढली आणि तुळशीरामकडे गेलो. तुळशीराम गाईंना शेवटचं धुवायला खाडीच्या अलीकडच्या तळ्यावर गेला होता. सोनूबाई एकटीच होती. डोळे सुजलेले. मी दारातच विचारलं, "सोनूबाई, लस टोचायला आलो होतो त्या दिवशी मी काय काय केलं, सांगशील?"

"काय केलाव म्हंजे? पयली सुई तांबूला, मंग बाकीच्यांना. मंग मी पोहे केलेले ते खाल्लाव. तुमचा फोन वाजला, हुझैफाचा. तुमी म्हनलाव, 'निघतोच हाय घरनं.' मना हसू आला. न् घाईघाईत गेलाव." ती आत गेली आणि देव्हाऱ्याच्या फळीवरून काहीतरी घेऊन आली. "तुमची डबी रायली ती. मी जपून ठेवलीय. पोरांच्या हाताला लागंल म्हनून देवाच्या फलीवर ठेवली. मंग हे सगला झाला न् तुमाला हाक मारायची छाती झाली न्हाय."

नव्या सुयांची निळी डबी. सील न फोडलेलं.

सगळं आठवलं, कारण विसरलेलं काहीच नव्हतं. नुसतं बाजूला सारलं होतं.

तुळशीरामला मान पहिला. हुझैफाला शब्द पहिला दिलेला. दोन्ही घरं मला जपायची होती आणि कोणालाही नाही म्हणणं माझ्या जिवावर येतं. म्हणून सकाळी आधी तुळशीरामकडे गेलो, त्याचा मान ठेवला, आणि मग हुझैफाच्या दारात चुन्याच्या कुंडीत पाय बुडवून म्हणालो, "बघ, घरून सरळ तुझ्याकडे आलो." तो केवढा खूश झाला. सकिनाचाची माझ्यासाठी खजूर घेऊन आल्या. मी पिशवीत हात घातला तर डबी नाही. परत जाऊन आणायला शंभर पावलंसुद्धा नव्हती. पण ती शंभर पावलं कुठे चाललात, असं हुझैफानं विचारलं असतं.

मी सिरिंजवरची सुई स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली. तुळशीरामच्या चार गाईंच्या अंगातून गेलेली सुई. आणि शबनमपासून सुरुवात केली. शबनम, हिना, नूरी, कालवड. ज्या क्रमानं मी टोचलं, त्याच क्रमानं पहिल्या तिघी पडल्या होत्या. दुपारी दवाखान्यातून नवी डबी घेतली, जुनी हरवली समजलो आणि बाकीच्या गावाला घराला एक सुई अगदी नेमानं वापरली. म्हणून बाकीच्या गावात काही झालं नाही.

"डाक्टर, बरा वाटत न्हाय का?" सोनूबाई म्हणाली. तिनं पाणी आणलं आणि पुन्हा ओट्याच्या कडेला ठेवलं.

मी डबी खिशात टाकली. खोटं बोलणार नाही: फाटकापर्यंत जाताना माझ्या मनात आलं की हे फक्त तिला आणि मला माहीत आहे, आणि तिला तर त्याचा अर्थही माहीत नाही.

६

रविवारी सकाळी दहाला टेम्पो आला. मी आदल्या रात्री काय काय विचार केला ते सांगत नाही. एकही विचार सांगण्यासारखा नव्हता. साडेनऊपर्यंत मी घरीच होतो. बायकोनं विचारलं, जायचं नाही का? मी म्हणालो, डोकं दुखतंय. मग तिनं सहज म्हटलं, "तुळशीरामानं गाईंच्या शिंगांना रंग लावलाय म्हणे. पाठवणी करतोय." ते ऐकून मला घरात बसवेना.

मी पोचलो तेव्हा तांबू टेम्पोत चढली होती. उरलेल्या तिघी खाली उभ्या होत्या, निळ्या शिंगांच्या. अर्धं गाव जमलं होतं. चेअरमन, डेअरीची नऊ घरं, लांब पिंपळाच्या पारावर गणराज. हुझैफा आणि सकिनाचाची आपल्या फाटकाशी. तुळशीराम टेम्पोच्या ड्रायव्हरला सांगत होता, "तिला वलनावर भ्या वाटते, जरा सावकास ने."

"उतरवा तिला," मी म्हणालो.

कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो. मग सगळे वळले, आणि मी खिशातून निळी डबी काढून हातात धरली, कारण माझ्या हातांना काहीतरी धरायला हवं होतं.

मी सांगितलं. क्रमानं सांगितलं. गोचीड सापडला नाही, कारण तो नव्हताच. माशी नाही, कारण गुलाबला काही झालं नाही. गणराज नाही, कारण कालवडीची धार कोणी काढत नाही. चौघींना एकाच दिवशी एकच गोष्ट मिळाली, ती माझी सुई. आणि ती सुई त्याआधी कुठे होती.

"तुम्ही म्हणाला होता घरून सरळ आलात," हुझैफा म्हणाला.

"खोटं बोललो."

"कशाला?"

त्याला खरंच कळत नव्हतं. मी म्हणालो, "तुला वाईट वाटू नये म्हणून." एवढ्या माणसांत ते वाक्य किती हलकं वाटलं ते मला सांगता येत नाही. दोन गाई मेल्या होत्या.

सकिनाचाचींनी पदर तोंडावर घेतला आणि त्या आत निघून गेल्या. मला चार शब्द सुनावले असते तर मी ऐकून घेतले असते.

मी गणराजकडे बघून म्हणालो, "तुझीही माफी मागतो. सगळ्यांसमोर केलं, म्हणून सगळ्यांसमोर मागतो." गणराज पारावरून उतरला, त्यानं गाडीला किक मारली आणि निघून गेला. तेही बरोबरच होतं. लेखी अहवाल मी वरच्या कचेरीला पाठवणार आहे आणि होईल ती कारवाई मान्य आहे, असंही मी बोललो, पण त्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

आणि मग जे झालं त्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. मला कोणी शिवी दिली नाही. चेअरमन म्हणाले, "अहो, माणूस आहे, चूक होते. एवढी वर्षं गावाची सेवा केली तुम्ही." कोणीतरी डेअरीतून खुर्ची आणली. कोणीतरी पाणी आणलं. "बसा डॉक्टर, बसा, घाम आलाय तुम्हाला." सहा दिवस तुळशीरामला या गावानं खुर्ची दिली नव्हती, आणि त्यानं काही केलं नव्हतं. मला ती मागायच्या आधी मिळाली. आणि मी बसलोही.

तुळशीराम अजून टेम्पोच्या फळीशी उभा होता. मला वाटलं, आता तो माझ्याकडे येईल. मी तयारी केली. काय बोलायचं ते ठरवलंसुद्धा.

तो माझ्याकडे आला नाही. तो हुझैफाच्या फाटकाकडे गेला. पुढ्यात उभा राहिला, आणि सत्तर वर्षांच्या त्या माणसानं आपल्याहून निम्म्या वयाच्या पोरापुढे हात जोडले.

"सुई कुनाची का असंना, बाला," तो म्हणाला. "रगत त माज्याच तांबूचा व्हता ना. तुज्या गाई गेल्या."

हुझैफानं त्याचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले आणि खाली केले. "काका, असं नका करू," एवढंच म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सहा दिवसांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

हात मी जोडायला हवे होते. खुर्चीतून उठून मी ते जोडलेही. पण तोवर दोघंही माझ्याकडे पाठ करून टेम्पोपाशी गेले होते आणि तांबूला उतरवण्यासाठी फळी लावत होते.